चौकोनी वेटोळं

२ मार्च, सोमवार

आज कार्यालयात विभागांची वाटणी झाली. मला 'साप' मिळाला.

हे एवढंसं वाक्य लिहितानासुद्धा मी पाय वर खुर्चीवर घेतले आहेत. सव्वीस वर्षं या शब्दकोशात इमानेइतबारे राबलो. सुतारकामाचे शब्द केले, शिवणकामाचे केले, अख्खा 'क' एकट्यानं ओढला, आणि त्याचं बक्षीस काय, तर सरपटणारे! सापांच्या जाती, सापाची अंगं, सापाचे आवाज, सापावरून आलेले वाक्प्रचार, मिळून दोनशे चौदा शब्द. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना पक्षी मिळाले, म्हणून त्या दिवसभर गुणगुणत होत्या. मी संपादकसाहेबांकडे जाऊन म्हटलं, "साहेब, मला त्या प्राण्याची जरा किळस आहे." साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "भीती म्हणा. किळस झुरळाची येते." माणूस शब्दाला पक्का आहे, पण काळजाच्या जागी दगड.

३१ मार्चच्या आत विभाग पुरा झाला तर मी सहसंपादक. नाही झाला तर साप पक्षीवाल्या बाईंकडे जाणार.

घरी येऊन छोटीला सांगितलं. माझी ही बहीण एकोणपन्नास वर्षांची झाली तरी घरात छोटीच. ती शिलाई मशीनवर बसली होती, ती इतकी हसली की एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची शिवण वाकडी गेली. "दादा, तू गांडूळ दिसलं तरी रस्ता बदलतोस!" म्हणाली. यात हसण्यासारखं काय आहे?

५ मार्च, गुरुवार

सापांवरचा जाडजूड ग्रंथ घरी आणला. त्यात पानोपानी चित्रं. छोटीनं माझ्यासाठी प्रत्येक चित्रावर कापडाचा एकेक तुकडा टाचून दिला. दुसरं कापड शिल्लक नव्हतं म्हणून फुलाफुलांचा. आता ग्रंथ नाइटगाऊनसारखा दिसतो, पण वाचता येतो. फणा, कात, विषदंत, वारूळ, विळखा, अशी चाळीस कार्डं उरकली.

पान एक्क्याऐंशीवर टाका सुटला होता. त्यानंतर काम झालं नाही.

९ मार्च, सोमवार

साहेबांनी सगळी कार्डं परत केली.

आमच्या कार्यालयाची एक रीत आहे. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं आणि त्याच्या कोपऱ्यात तीनपैकी एक शिक्का मारायचा असतो: 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'वाचले'. वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असेल तरच 'पाहिले'. माझ्या सगळ्या कार्डांवर 'वाचले' होतं. साहेब म्हणाले, "अहो, हा कोश आहे की वर्गातली नक्कल? निदान वीस 'पाहिले' आणा, पाच 'ऐकले' आणा. नाही तर राहू द्या."

राहू द्या काय राहू द्या! 'उलथणं' या एका शब्दासाठी मी अख्खा दिवस खानावळीच्या भट्टीपाशी उभा होतो. भुवया जळल्या, पण शिक्का खरा मारला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटा शिक्का पडलेला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

छोटी म्हणाली, मागच्या गल्लीत एक सर्पमित्र राहतात, तिच्या एका गिऱ्हाइकाच्या मोरीतून त्यांनी साप काढला होता. "बोलावू का?" मी म्हटलं, बोलाव, पण नुसता माणूस बोलाव.

१० मार्च, मंगळवार

सर्पमित्र आला. पन्नाशीचा, बारकासा, एकटाच असतो. इतकं हळू बोलतो की मला दोनदा कानामागे हात लावावा लागला. अर्ध्या तासात अकरा शब्द मिळाले. डूख धरणं वगैरे सगळं खोटं असतं म्हणाला, सापाला तेवढी आठवणच नसते. मी म्हटलं, "शब्द आहे ना? मग नोंद होणार. पुढचं सापानं बघावं."

त्याची साप धरायची पिशवी कोपऱ्यात उसवली होती. छोटीनं ती तिथल्या तिथे शिवली, वर आतून मऊ अस्तर लावलं. म्हणाली, "बिचाऱ्याला टोचायला नको." त्यानं पिशवी हातात घेतली आणि बराच वेळ त्या शिवणीकडे बघत राहिला. शिवणीत एवढं काय बघायचं असतं कोण जाणे. निघताना मी म्हटलं, येत जा अधूनमधून, शब्द सांगायला. तर एकदम, "कधी येऊ? उद्या?" शब्दांचं वेड असलेली माणसं अजून आहेत जगात. फार बरं वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार

आज इतिहास घडला.

सकाळी नऊच्या सुमाराला परसातून छोटी ओरडली, "दादा, साप!" मी क्षणाचाही विलंब न लावता स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढलो आणि तिला तिथूनच धीर दिला. सर्पमित्र पाच मिनिटांत हजर. मी दार लावून घेतलं, फटीत पायपुसणं कोंबलं. बाहेर दोघांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मध्येच छोटी हसली. भीतीनं माणसाला हसू फुटतं, हे मी पूर्वी वाचलं होतं.

वीस मिनिटांनी तो म्हणाला, "साहेब, झालं. पिशवीत आहे." मी खिडकी चार बोटं उघडली. दहा फुटांवर तो उभा, हातात छोटीनं शिवलेली पिशवी, आणि पिशवीत साप! मी नीट निरखून पाहिलं. विद्वानाचं कर्तव्य असतं ते. आणि काय आश्चर्य, आतलं वेटोळं चक्क चौकोनी होतं. चारही कोपरे कापडातून ठळक दिसत होते. ग्रंथात याचा कुठे उल्लेखही नाही! मी विचारलं, "हा असा चौकोनी कसा?" सर्पमित्रानं छोटीकडे बघितलं, छोटीनं जमिनीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "काही काही असतात."

लगेच कार्ड केलं. "वेटोळे: सापाची बसण्याची रीत. बहुधा गोल, काही जातींत चौकोनी, कोपरे स्पष्ट." शिक्का: पाहिले. शेजारी कंसात 'पिशवीसह' असं लिहिलं, कारण मी प्रामाणिक आहे.

१६ मार्च, सोमवार

शनिवारी एक साप, रविवारी एक. आमच्या परसाला कुणाची दृष्ट लागली आहे कळत नाही. इतकी वर्षं तिथे एक सरडा होता फक्त.

रविवारचा साप न्हाणीघरामागे निघाला. मी ओट्यावर होतो (आता तिथे मी एक उशी ठेवली आहे) आणि अगदी स्पष्ट फूत्कार ऐकला. लांब, एकसारखा, शेवटी शेवटी मंद होत गेलेला. कार्ड केलं, शिक्का: ऐकले. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत जिवंत शिक्का आहे हा.

सर्पमित्राचं मात्र नशीब खोटं. साप धरून बाहेर येतो तो स्कूटरच्या मागच्या चाकात हवाच नाही. शनिवारीही असंच झालं होतं. दोन्ही दिवस बिचारा दोन-दोन तास अडकून पडला. छोटीनं माणुसकीनं त्याला चहा दिला, जेवायला वाढलं.

काही निरीक्षणं, पुढे उपयोगी पडतील म्हणून लिहून ठेवतो. एक, साप निघतो त्या दिवशी छोटीनं नेमके केस धुतलेले असतात. शांपूच्या वासानं साप येतात का, विचारायला हवं. दोन, सर्पमित्र अलीकडे इस्त्रीचा शर्ट घालून येतो. सापांना नीटनेटकेपणा कळत असावा. तीन, पिशवीतून वाफ येत होती.

१९ मार्च, गुरुवार

कार्यालयात आज माझं आणि साहेबांचं जोरदार वाजलं. 'वेटोळे' वाचून ते खुर्चीतून उठलेच. "चौकोनी? अहो, चौकोनी?" मी म्हटलं, "डोळ्यांनी पाहिलंय." ते म्हणाले, "पिशवीसह." मी म्हटलं, "साहेब, माणसालाही आपण कपड्यांसह पाहतो, म्हणून पाहिलं नाही असं म्हणतो का?" यावर ते खुर्चीत परत बसले. जिंकलो असं वाटलं, तेवढ्यात पक्षीवाल्या बाई मध्ये तोंड घालून म्हणाल्या, "पिशवीला कांद्याचा वास येत होता का हो?" मी म्हटलं, हो, थोडा. त्या म्हणाल्या, "आणि तुमची बहीण घरात होती?" मी म्हटलं, असणारच ना, तीच धीट आहे आमच्यात. त्या तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो!

साहेबांचा निकाल असा: चौकोनी वेटोळ्यासाठी दुसऱ्या साक्षीदाराची सही लागेल. सही असेल तर विभाग मान्य, नाही तर सगळाच संशयास्पद. काही हरकत नाही. छोटी आहे ना.

२२ मार्च, रविवार

आज साप न निघताच सर्पमित्र आला. केसाला तेल, बूट चकाचक. माझ्यासमोर बसला आणि नुसताच गुडघे चोळायला लागला. मग म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं."

मी पेन उघडलं. "विचारा."

"म्हणजे... तुमची परवानगी असेल तर."

"अहो, परवानगी कसली! कुठला शब्द?"

"शब्द नाही. म्हणजे, शब्दच. एकच शब्द हवा होता तुमच्याकडून."

"कात म्हणा, सळसळ म्हणा, सगळं तयार आहे," असं म्हणून मी कार्डांचा डबाच त्याच्यापुढे ठेवला. तासभर त्याला एकेक कार्ड वाचून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात छोटी उभी होती, तिच्या हातातला चहा पार गार झाला. एकशे तिसाव्या कार्डानंतर तो उठला. म्हणाला, परगावी सर्पोद्यानात नोकरी मिळतेय, एकतीस तारखेच्या संध्याकाळी निघायचं, इथे थांबायला काही कारण नसेल तर. "तुम्हाला काय वाटतं, आहे का कारण?" असं त्यानं मलाच विचारलं. मी प्रांजळपणे सांगितलं, "माझे शब्द सत्तावीसपर्यंत संपतील. तुम्ही खुशाल जा."

माणसाला निरोप देताना असं मोकळं बोलावं. त्याला उगाच ओझं वाटायला नको.

२४ मार्च, मंगळवार

छोटीचं काहीतरी बिनसलं आहे. एका शर्टाच्या दोन्ही बाह्या तिनं एकाच बाजूला शिवल्या. आमटीत मीठ दोनदा. तीन दिवसांत साप नाही, फूत्कार नाही, घर कसं शांत आहे, तरी ही उदास. मी म्हटलं, "बरं वाटत नाही का गं?" म्हणाली, "बरंय." मी म्हटलं, "सापांची सवय झाली की काय तुला?" तर मशीन सोडून आत गेली आणि दार लावून घेतलं.

या वयात बायकांना असं होतं म्हणतात. लग्नकार्यात तिला कधी रस नव्हता, नाहीतर मुलंबाळं असती आणि जीव रमला असता. पूर्वी दोन-तीन स्थळं आली होती. तेव्हा माझा 'क' चालू होता. घरात गडबड नको म्हणून तीच नाही म्हणाली होती.

२७ मार्च, शुक्रवार

दोनशे चौदा कार्डं पुरी झाली. उरली फक्त एक सही.

जेवणानंतर छोटीपुढे 'वेटोळे'चं कार्ड ठेवलं. म्हटलं, "इथे सही कर. 'मी समक्ष पाहिले आहे', एवढंच." तिनं पेन घेतलं, टोक कागदाला टेकवलं आणि तशीच थांबली. शाईचा ठिपका पडला.

"दादा, याच्यावर खोटं लिहून चालत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग नाही करता यायची सही. तो डबा होता."

"कसला डबा?"

"जेवणाचा. त्यांना घरी कुणी करून घालणारं नाही. मी चौकोनी चारखणी डबा द्यायची पिशवीतून."

मी कार्ड माझ्याकडे ओढलं. मग विचारलं, "आणि साप?"

"साप नव्हताच."

"रविवारचा?"

"तोही नव्हता. एकही नव्हता रे. पहिल्या दिवशी पाण्याची नळी बघून मी खरंच दचकले होते, ते आले, आम्ही दोघं हसलो, आणि मग... मग मला कळेना दुसरं काय निमित्त काढून बोलवायचं."

"मी फूत्कार ऐकलाय, छोटी! माझ्या या कानांनी!"

"ती स्कूटरची हवा. मी सोडत होते. लगेच निघून जातात ना ते."

मी कार्डं गोळा केली आणि माझ्या खोलीत आलो. चौकोनी वेटोळं! टायरचा फूत्कार! पक्षीवाल्या बाईंना वासावरून कळलं आणि मला डोळ्यांनी बघून कळलं नाही. माझी सव्वीस वर्षांची इज्जत सख्ख्या बहिणीनं चारखणी डब्यात घालून वाटली. मी तिच्याशी बोलणार नाही. निदान सोमवारपर्यंत.

२८ मार्च, शनिवार

बोलत नाहीये.

तीसुद्धा बोलत नाहीये, पण चहा ठेवून गेली. साखर बरोबर होती.

दिवसभर अंथरुणावर पडून छताकडे बघत होतो. राग येत होता, पण तो धड टिकेना. सारखं एकच डोक्यात यायचं, की इतकी हसलेली मी तिला शेवटची कधी बघितली होती? आठवेना. मग ती स्थळं आठवली. एक शाळामास्तर होता, चांगला उंच. त्याला नकार कळवायचं पत्र तिनं माझ्याच टेबलावर बसून लिहिलं होतं आणि मी तिला म्हटलं होतं, जरा पलीकडे सरक, माझी कार्डं पडतील.

'क'ला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं ही बाई माझ्यासाठी आवाज न करता घरात वावरली, आणि मी लिहून काय ठेवलंय, तर तिला लग्नात रस नव्हता! कुठल्या शिक्क्यानं लिहिलं मी ते? पाहिलं नाही, ऐकलं नाही, कुठे वाचलंसुद्धा नाही. गाढव आहे मी. शुद्ध, अस्सल गाढव.

आणि त्या भल्या माणसाला मी म्हटलं, खुशाल जा.

३० मार्च, सोमवार

साहेबांकडे गेलो. चौकोनी वेटोळं, फूत्कार आणि पिशवीसह पाहिलेली बाकीची सगळी कार्डं मीच त्यांच्या टेबलावर ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. साहेब सुरुवातीला गंभीर होते. चारखणी डब्यापर्यंत आल्यावर त्यांना ठसका लागला आणि शिपायाला पाणी आणावं लागलं. विभाग पक्षीवाल्या बाईंकडे गेला. सहसंपादकपदाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बाई माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मग आता ताईंचं काय?" मी म्हटलं, "तेच बघतोय." पहिल्यांदाच मला त्या बऱ्या वाटल्या.

घरी येऊन छोटीला म्हटलं, त्यांना बोलाव. ती म्हणाली, "कुठल्या तोंडानं? तू त्यांना जा म्हणालास. त्यांना वाटतं तुला पसंत नाही. सामान बांधलंय त्यांनी." मी म्हटलं, मी सांगतो त्यांना. तर म्हणाली, "काय सांगणार? दया दाखवा म्हणून? मला नको असलं काही." आणि तिनं मशीन इतक्या जोरात चालवलं की पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

संध्याकाळच्या गाडीनं तो जाणार. दुपारचे तीन वाजले. छोटी पडदे शिवत होती. गिऱ्हाइकाला दोनच हवे होते, हिचा पाचवा चालू होता.

मी स्वयंपाकघरात गेलो, दार लावलं आणि सर्पमित्राला फोन केला.

"आमच्याकडे साप निघालाय," मी म्हटलं.

पलीकडे त्यानं काहीतरी खाली ठेवलं. मग अगदी जपून विचारलं, "कुणी पाहिला?"

"मी," म्हटलं. "मी स्वतः पाहिला. भला मोठा आहे. लवकर या."

चार मिनिटांत आला. शर्टाला इस्त्री नव्हती. हातात काठी आणि पिशवी. छोटी भूत बघितल्यासारखी उठली. "साप? कुठे?" ती म्हणाली. आणि इथे माझ्या लक्षात आलं की पुढचं काही मी ठरवलेलंच नाही. मी नुसताच हात हवेत फिरवला. "असा... तिकडे गेला."

तो पडला कामाचा पक्का. कपाटं ओढली, गाद्या उलटल्या, मशीनच्या खाली विजेरी टाकून पाहिलं. छोटी सामान सरकवायला दुसऱ्या बाजूनं हात लावत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. तोही तिच्याकडे बघत नव्हता. पाऊण तास हा कार्यक्रम चालला. मी सवयीनं स्टुलावर चढून उभा होतो. शेवटी तो कपाटामागून बाहेर आला, केसांत जळमटं, आणि म्हणाला, "साहेब, घरात साप नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग?"

"तुम्हाला त्या दिवशी काहीतरी विचारायचं होतं ना? ते विचारा की आता!"

तो माझ्याकडे वळला. छाती भरून श्वास घेतला. "साहेब, तुमची जर..."

"अहो, मला काय विचारता!" मी स्टुलावरून ओरडलोच. "माझ्याशी लग्न करायचंय का तुम्हाला? तिला विचारा!"

तो तिच्याकडे वळला. तोंड उघडलं. काही बाहेर पडेना. जबडा नुसता हलत होता. छोटी एका हातात केरसुणी धरून उभी होती, ती म्हणाली, "हो."

"मी अजून विचारलं नाही," तो म्हणाला.

"मग विचारा ना सावकाश. मी कुठे जातेय."

मी स्टुलावरून उतरलो, स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावून ओट्यावर बसलो. थोडा रडलो. आनंद होता. उद्यापासून चहा कोण करणार हेही मनात आलं, ते खोटं कशाला बोलू. पण आनंदच जास्त होता.

४ मे, सोमवार

छोटीचं लग्न झालं. कचेरीत जाऊन दोन सह्या. मग साक्षीदारांच्या तीन, त्यांतली पहिली माझी. कारकून म्हणाला, "समक्ष पाहिलंत ना?" मी म्हटलं, "पाहिलं, ऐकलं, सगळं झालं." त्याला काही कळलं नाही. छोटीनं शिवलेली साडीची झालर सुंदर दिसत होती. नवरदेव इतक्या हळू बोलला की कारकुनाला तीनदा विचारावं लागलं.

मागच्या गल्लीतली खोली लहान पडते म्हणून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. स्कूटरनं पाऊण तास.

घर फार मोठं आहे, हे मला माहीत नव्हतं.

१७ मे, रविवार

नवा विभाग मिळाला: भांडी, दुसरा भाग. सगळं 'पाहिले'. काही मजा नाही.

दर रविवारी छोटीला फोन करायचं ठरवतो. मग वाटतं, नवीन संसार आहे, कशाला मध्येमध्ये करायचं. ती करते तेव्हा मी म्हणतो, सगळं उत्तम चाललंय, काळजी करू नकोस. काल भात करपला, परवाही करपला होता.

१४ जून, रविवार

मी आत्ता जेवणाच्या टेबलावर बसून लिहितो आहे. टेबलावर म्हणजे टेबलाच्या वर. खाली खरा साप आहे.

दुपारी दोनला मोरीतून आला. काळपट, चकचकीत, हातभर लांब. दोन हात असेल. मोजायला उतरणार नाही. सरळ टेबलाखाली येऊन बसला आणि आता तिथेच आहे. माझ्याकडे अधूनमधून जीभ काढतो. सगळे शब्द ओळीनं आठवले, एकाचाही उपयोग झाला नाही. नशीब, फोन खिशात होता.

छोटीनं उचलला. म्हटलं, "छोटी, साप आलाय!"

ती खळखळून हसली. तिचं ते हसणं ऐकून मला आणखी काही सुचेनाच.

"खरंच गं! टेबलाखाली आहे! मी पाहिलाय!"

"हो हो, भला मोठा असेल. तिकडे गेला असेल." आणि आतल्या बाजूला तोंड करून, "अहो, दादाकडे साप निघालाय म्हणे!" तिकडे तो हळू माणूससुद्धा हसला, मला ऐकू आलं.

"छोटी, तुझी शपथ..."

"दादा," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आठवण येत असेल तर सरळ म्हणावं रे. साप कशाला मध्ये आणायचा?"

मी खाली बघितलं. तो आपला निवांत पडला होता. मी भिंतीकडे बघितलं, जिथे तिचं मशीन असायचं तिथला रंग अजून वेगळा दिसतो. साप आहे म्हणून शंभरदा सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. आणि ती म्हणत होती तेही काही खोटं नव्हतं.

"येते," मी म्हटलं. "रोज येते आठवण. भात करपतो माझा. घर खायला उठतं. या ना गं तुम्ही दोघं."

पलीकडे नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"निघालोच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिशवी घेऊन या म्हणायचं राहूनच गेलं.